एक हॉर्न, एक पार्सल

आमची म्हैस चंद्री हिला धंद्याची अक्कल माझ्यापेक्षा जास्त आहे. हे मत माझ्या बायकोचं, शैलाचं. इतकी वर्षं मी त्यावर गप्प बसलो, त्याला कारण आहे.

उमरग्याच्या अलीकडं, हायवेला लागून आमची खानावळ. लॉकडाऊनमध्ये बसून जेवण बंद झालं, फक्त पार्सल चालू. ट्रकवाले केबिनमधून उतरायला घाबरायचे अन् आम्ही त्यांच्याजवळ जायला! मग मी डोकं चालवलं. (असं क्वचितच होतं.) दारावर पाटी लावली : ‘एक हॉर्न, एक पार्सल.’ मी खिडकी घट्ट लावून आत बसायचो (रोग आत येईल ना!) अन् हॉर्न ऐकून शैलाला आवाज द्यायचो. ती भाकरी-पिठलं बांधायची. मी पार्सल बाहेरच्या स्टुलावर ठेवून धूम पळायचो.

एका दुपारी हॉर्न वाजला. मग दुसरा. मग थांबेचनात!

“शैला, टाक अजून एक! अगं, अजून दोन! लई गिऱ्हाईक हाय!”

“अवो, पीठ संपत आलं. गिरणी बंद हाय. हे वाया गेलं तर आपली चूल थंड! जरा बाहीर बघा तरी.”

“बघायचं काय त्यात? कान हायत की मला!”

सगळी पार्सलं एकदमच बाहेर नेऊ म्हणून मी आतच थांबलो अन् भाकरीची चळत माझ्या कमरेला लागली. शैलानं डबा झटकून शेवटची भाकरी थापली, तेवढ्यात कुणीतरी दार बडवलं.

“ओ काका! अंदर बैठ के क्या गिन रे? पहले भैंस हटाव!”

बाहेर आलो. रस्त्याच्या मधोमध चंद्री बैठक मारून रवंथ करत होती. दोन्ही अंगाला ट्रकच ट्रक. पार्सल एकालाही नको होतं, वाट हवी होती!

शैलानं चळतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या नजरेपेक्षा कोरोना परवडला.

“दावं तोडलं वाटतं चंद्रीनं,” मी घाईघाईनं म्हणालो. शेपूट ओढलं, हात जोडले. चंद्री ढिम्म! तेवढ्यात त्या दार बडवणाऱ्यानं मास्क खाली करून वास घेतला.

“काकी, पिठला है क्या? सोलापूर से भूका हूँ. सब हॉटेलां बंद!”

तो आला, त्याच्यामागं दुसरा, मग रांगच लागली. शेवटची भाकरी गेली, तशी चंद्री सावकाश उठली अन् गोठ्यात निघून गेली!

तेव्हापासून दर पोळ्याला शैला पहिली पुरणपोळी चंद्रीला चारते. “हिनं खानावळ वाचवली माझी!” मी बाजूला बसून खाली मान घालून भाकरी मोडत असतो. गेल्या पोळ्याला मात्र राहवलं नाही.

“शैला, तिनं दावं तोडलंच नव्हतं. म्याच बांधायचं विसरलो होतो.”

“ठावं हाय मला,” ती पोळी मोडता मोडता म्हणाली. “दावं तवा खुंट्याला धडधाकट लोंबत होतं. म्हणून तर पुरणपोळी तिला अन् भाकरी तुम्हाला!”

आणि मी आपला समजत होतो, बिचारी माझ्या शुगरला जपते!