दुपारी येणारा मासा

मुलगा शिकायला बंगळुरूला गेला, त्याच वर्षी दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये समुद्र आला. "मी काही मुद्दाम ठरवून आणला नाही," असं नवरा अजूनही म्हणतो. आधी काचेची टाकी आली. मग तिच्याखालचं लोखंडी स्टँड, पंप, निळे दिवे, खास समुद्री मिठाची पोती आणि खडक. सोफा बाल्कनीत गेला. बाथरूममध्ये खारं पाणी कालवायचे दोन ड्रम उभे राहिले आणि आंघोळ करताना कोपर कुठे ठेवायचं याचा विचार करावा लागू लागला. यमुना आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण त्या पाण्यात मासा सोडायचं धाडस कुणी करणार नाही. नवऱ्यानं थेट समुद्राला हात घातला.

खरं सांगायचं तर टाकी सुंदर होती. जांभळी, हिरवी, गुलाबी प्रवाळं निळ्या उजेडात हळूहळू डोलायची. सोसायटीतल्या बायका भिशीला आल्या की पत्ते हातात धरून तिकडेच बघत बसायच्या. पण नवऱ्याला आमच्या भिशीच्या कौतुकाशी घेणंदेणं नव्हतं. दिल्ली, नोएडा, गुडगाव मिळून अशा टाक्या पाळणाऱ्या लोकांचा त्याचा एक ग्रुप होता आणि तिथे माणसाची किंमत त्याच्याकडे कोणता मासा आहे यावर ठरायची. आमच्याकडे होते ते सगळे मासे कुणाकडेही असतात, असं त्याला एका चहाच्या कार्यक्रमात कळलं. त्या दिवसापासून त्याला कँडी बॅसलेट हवा झाला.

मला त्यानं फोटो दाखवला. बोटाएवढा मासा, नारिंगी अंग, डोक्यापासून शेपटीपर्यंत जांभळे पट्टे, शेपटीवर दोन काळे ठिपके. वेस्ट इंडीजकडच्या समुद्रात, खोल पाण्यातल्या गुहांमध्ये राहतो. किंमत मी इथे लिहीत नाही, कारण ती माझ्या माहेरी अजून कुणाला माहीत नाही.

मुनिरकाच्या बाजूला एका तळघरात दुकान होतं. दुकानदार साठीचे, पांढऱ्या दाढीचे सरदारजी. मला वाटलं होतं, पैसे द्यायचे आणि पिशवी घेऊन यायचं. सरदारजींनी आम्हाला स्टुलांवर बसवलं, चहा मागवला आणि चौकशी सुरू केली. टाकी किती जुनी आहे? आत आणखी कोण आहे? त्यातलं भांडखोर कोण? लाईट गेली तर इन्व्हर्टर किती वेळ चालतो? दिवसा घरी कोण असतं? माझे बाबा लग्नाआधी नवऱ्याची चौकशी करायला पुण्यातल्या त्याच्या घरी गेले होते, तेव्हा त्यांनी यातलं अर्धंही विचारलं नव्हतं. नवरा शाळेतल्यासारखा ताठ बसून उत्तरं देत होता.

शेवटी सरदारजी माझ्याकडे वळले. "मॅडम, आप बताइए. इनमें सब्र है?"

"बिल्कुल नहीं," मी म्हणाले.

ते जरा वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले. "चलो, मछली सिखा देगी," म्हणाले आणि ऑर्डर लिहून घेतली.

मासा आला तेव्हा नवऱ्यानं ऑफिसला सुट्टी टाकली. मुलाच्या बारशालाही त्यानं अर्ध्या दिवसाचीच टाकली होती. पिशवीतल्या पाण्यात थेंबथेंब आमच्या टाकीचं पाणी मिसळून झालं, मग त्यानं श्वास रोखून मासा आत सोडला. मी तेव्हा ऑफिसच्या फोनवर होते. "अगं लवकर ये, लवकर!" अशी हाक आली म्हणून धावत गेले, तोवर मासा खडकाच्या एका कपारीत शिरला होता.

"येईल थोड्या वेळानं," नवरा म्हणाला.

तो आला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, त्या महिन्यात नाही. नवरा ऑफिसातून आला की बूटही न काढता टाकीसमोर बसायचा. लोक मासा बघायला यायचे आणि नवरा त्यांना खडक दाखवायचा. "तिथे आहे. त्या भोकात." लोक वाकायचे, मान वाकडी करायचे आणि "अच्छा, अच्छा," म्हणायचे. एकानं तर त्या खडकाचाच फोटो काढला. मी एकदा सहज म्हटलं, "मेला तर नसेल ना?" त्यावर नवरा दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला.

सरदारजींना फोन केला, तर ते शांतपणे म्हणाले, "छुपके रहती है जी. यही तो इसकी ख़ूबी है." म्हणजे आम्ही ते सगळे पैसे न दिसण्याचे दिले होते आणि माल चोख होता.

एप्रिलमध्ये माझे बाबा आले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पुण्याला आईच्या गुडघ्यांमुळे तिथे कुणी कुणाचं करायचं हा प्रश्न होता, म्हणून आई माझ्या बहिणीकडे गेली आणि बाबांची ऑपरेशनं आम्ही दिल्लीत करायची ठरवली. आधी उजवा डोळा, मग दोनेक महिन्यांनी डावा. मुलाच्या खोलीत दुपारी ऊन तापतं, म्हणून त्यांचा दिवाण हॉलमध्ये, टाकीच्या समोरच्या भिंतीला लावला.

बाबा आणि माझा नवरा यांच्यात वीस-बावीस वर्षांत कधी वाकडा शब्द झालेला नाही. सरळही फारसा झालेला नाही. "प्रवास कसा झाला?" "छान झाला." "रिझर्व्हेशन मिळालं होतं ना?" "हो, हो." यापुढे गाडी गेली नव्हती. बाबा त्याला अजून जावईबापू म्हणतात, अहोजाहो करतात आणि तो खोलीत आला की मांडी सोडून पाय खाली घेतात. टाकी बघून ते म्हणाले, "वा! फारच छान." मासा वेस्ट इंडीजचा आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग फास्ट बोलर असणार." नवरा कसनुसा हसला.

ऑपरेशन नीट झालं. बाबांच्या डोळ्यावर पट्टी, मग काळा चष्मा. दिवसभर आम्ही दोघं ऑफिसात, मी नोएडाला आणि तो गुडगावला. सकाळी येणारी बाई पोळीभाजी करून, बाबांच्या डोळ्यात थेंब घालून जायची. दुपारी बाबा एकटेच.

मे महिन्यात प्रवाळं रुसली. आधी फुलासारखी उघडणारी ती आता अर्धवट मिटून बसायला लागली, रंग उतरला. नवऱ्यानं पाणी तपासलं, मीठ बदललं, पंप खोलून धुतला. ग्रुपमध्ये फोटो टाकले. एक जण म्हणाला कॅल्शियम कमी आहे, दुसरा म्हणाला जास्त आहे. बाबा दिवाणावर बसून, काळ्या चष्म्याआडून हे सगळं सहानुभूतीनं बघत असायचे. "फार कष्ट आहेत हो यात," असं एकदा मला हळूच म्हणाले.

मग एका संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. नवऱ्याला ग्रुपमधल्या कुणाचा तरी फोन आला. तो उठून बाजूला गेला आणि सांगायला लागला की अजून एकदाही दर्शन नाही, बहुतेक गेलाच असणार. पहिल्यांदाच त्यानं ते तोंडानं कबूल केलं. फोन ठेवून तो ताटावर येऊन बसला, तेव्हा बाबा म्हणाले, "कोण गेलं?"

"काही नाही बाबा. तो मासा. दिसतच नाही."

"कोणता? तो नारिंगी का? येतो की रोज."

नवऱ्याच्या हातातला घास हातातच राहिला.

"कोणता नारिंगी?" त्यानं जपून विचारलं.

"हा, बारका. अंगावर जांभळे पट्टे, शेपटीला दोन ठिपके. दुपारी मी पडलो की निघतो तिथून. त्या मोठ्या शंखापर्यंत जातो, जरा थांबतो, परत येतो. स्वभावानं शांत वाटला मला."

बाबांना ठिपके माहीत होते. ते कुणी त्यांना सांगितले नव्हते. म्हणजे आमच्या घरातल्या चार निरोगी डोळ्यांना जे महिनोन् महिने दिसलं नव्हतं, ते त्यांना एका डोळ्यानं रोज दिसत होतं, आणि वरण वाढून घेण्याइतकंच त्यात विशेष काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

"पण मी शनिवार-रविवारी घरी असतो, तेव्हा का येत नाही?"

"तेव्हा दिवे असतात ना."

"म्हणजे?"

"मी दुपारी बंद करतो ते निळे दिवे. डोळ्यांवर येतात. पडदे ओढतो आणि तिथलं बटण बंद करतो. तुम्ही यायच्या आत लावतो बरं का परत." मग वीज खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला शोभेल अशा आवाजात म्हणाले, "आणि दिवसाढवळ्या एवढा लोड कशाला?"

मी नवऱ्याकडे बघितलं नाही. त्या दिव्यांचा टायमर त्यानं सहा ॲप बदलून बसवला होता. प्रवाळं त्या उजेडावर जगतात, हे आमच्या घरी येणाऱ्या पेपरवाल्यालाही त्यानं समजावलं होतं.

"अच्छा," नवरा म्हणाला. आणि आमटी मागून घेतली.

स्वयंपाकघरात मात्र तो माझ्यावर धावून आला. दार लोटून, दात-ओठ खाऊन, पण कुजबुजत. "तुझ्या बाबांनी माझी प्रवाळं उपाशी ठेवली! दीड महिना!"

"मग सांग ना त्यांना."

"मी कसं सांगू? मी जावई आहे."

"बरं, मी सांगते."

"नको," तो घाईघाईनं म्हणाला. "उद्या नको. उद्या मी घरूनच काम करतो."

दुसऱ्या दिवशी काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. जेवणं झाल्यावर बाबांनी विचारलं, "बंद करू ना?" आणि नवऱ्यानं स्वतः उठून दिवे बंद केले. पडदे ओढले. मग तो काचेला नाक लावून बसला. बराच वेळ काही नाही. शेवटी बाबाच म्हणाले, "जावईबापू, असं बघू नका त्याच्याकडे. आमचे वरचे साहेब इन्स्पेक्शनला यायचे ना, ते असंच बघायचे. काम करणारा माणूसही लपून बसायचा. इकडे या, पडा जरा."

नवरा दिवाणाशेजारी सतरंजीवर आडवा झाला. एसीची घरघर, पडद्यातून येणारा पिवळट उजेड आणि गुडगावच्या रोजच्या येण्याजाण्याचा थकवा. त्याला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा दिवे लागलेले होते आणि बाबा चहा पीत होते.

"आला होता," बाबा म्हणाले. "मस्त वेळ फिरला आज."

"उठवायचं नाही का बाबा!"

"फार दमलेले दिसलात हो. म्हटलं झोपू द्यावं."

हे सांगताना नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पण चिडलेला नव्हता. इतक्या वर्षांत आपल्याला कुणी झोपू दिलं नव्हतं, असं काहीसं तो पुटपुटला. मी ते अंगाला लावून घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यानं परत एक दिवस घरून काम घेतलं. मी नोएडाला मीटिंगमध्ये होते. फोन थरथरला, म्हणून बाहेर येऊन घेतला. पलीकडून इतक्या खालच्या आवाजात "दिसला" असं आलं की मला आधी वाटलं बाबांना काही झालं.

"फोटो काढलास?"

"नाही गं. हललोच नाही. बाबांनी माझा हात धरून ठेवला होता."

माझ्या बाबांनी माझ्या लग्नात कन्यादानाच्या वेळी त्याचा हात धरला होता. त्यानंतर हेच.

मग बुधवार ठरूनच गेला. बुधवारी नवरा घरी. दुपारी दोघं अंधारात पडायचे. मासा आला तर आला. न आला तर बाबा त्याला खांब, तारा आणि वादळात गेलेल्या लाईनींच्या गोष्टी सांगायचे, आणि तो त्यांना ऑफिसातल्या त्या गोष्टी सांगायचा ज्या मला कधी सांगत नाही. त्याची नोकरी मार्चमध्ये जाता जाता राहिली होती, हे मला बाबांकडून कळलं.

प्रवाळांचं काय करायचं, हा प्रश्न होताच. उजेड द्यावा तर मासा लपतो, अंधार करावा तर ती मरतात. दिवाण मुलाच्या खोलीत हलवून बघावा, असं मी सुचवलं. त्यावर दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं की मी परत तो विषय काढला नाही. शेवटी नवऱ्यानं ग्रुपवर लिहिलं की प्रवाळं न्यायची असतील त्यांनी न्या. लोक एका रविवारी बादल्या आणि डबे घेऊन आले. हळहळत, पण चपळाईनं, त्यांनी टाकी मोकळी केली. त्यातल्या एका तरुण मुलीनं टाकीकडे बघून विचारलं, "सर, अब बचा क्या?" नवरा म्हणाला, "मछली है अंदर." तिनं वाकून बघितलं आणि आपल्या डब्याचं झाकण लावलं.

डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं आणि जूनच्या शेवटी बाबा पुण्याला गेले. पूर्वी माझ्या मोबाईलवर येणारा त्यांचा फोन आता नवऱ्याच्या मोबाईलवर येतो. बुधवारी, जेवणानंतर. आमच्या हॉलमध्ये आज काचेची एक काळोखी पेटी आहे, तीत राखाडी खडक आहेत आणि मंद दिवा आहे. भिशीच्या बायका तिच्याकडे पाठ करून बसतात.

परवाच्या बुधवारी मला बरं नव्हतं, म्हणून मीही घरी होते. नवरा व्हिडिओ कॉल लावून, मोबाईल टाकीसमोर धरून, सतरंजीवर बसला होता. मी मागे उभी राहिले. मी तो मासा आजवर एकदाही पाहिलेला नाही.

"आला, आला," मोबाईलमधून बाबा म्हणाले. "डावीकडून बघा."

"हो!" नवरा कुजबुजला. "जरा भरलाय ना अंगानं?"

"भरलाय, भरलाय. खातोय नीट."

मी चष्मा पुसला, परत लावला, डावीकडे बघितलं. मला नुसता खडक दिसला.

"कुठे आहे?" मी विचारलं.

"श्श," दोघं एकदम म्हणाले.