खरडला दिलेली साक्ष

चंडीगड स्टेशनवर उतरलो तेव्हा शहर दिसलंच नाही. धुक्यापायी गाडी सात तास उशिरा पोचली होती. सकाळचे अकरा वाजले होते आणि समोरचा रिक्षावालासुद्धा अर्धाच दिसत होता. "सूरज नहीं निकलना आज, जी," तो म्हणाला. असल्या कोहऱ्यात (दाट धुक्यात) तो रिक्षा कशाच्या भरवशावर हाकत होता, देव जाणे! सगळे रस्ते सरळ, सगळे चौक गोल, आणि सगळे सारखेच. आमच्या नगरला रस्ता चुकला तर माणूस निदान कुणा ओळखीच्याच्या दारात निघतो. इथे सेक्टरचा आकडा हुकला की गेलाच.

मला जायचं होतं मोहालीच्या पुढे, खरडला, ताईकडे. सहा वर्षं ती माझ्याशी बोललेली नव्हती. आई आजारी असताना ताईने तिला माझ्यावर सोपवलं होतं, आणि आई गेली तेव्हा मी गुत्त्यावर पीत बसलो होतो. पुढे मी ख्रिस्ती झालो. दारू सुटली ती सुटलीच. आमच्या चर्चच्या मंडळीत रविवारी साक्ष देतात, म्हणजे चारचौघांत उभं राहून आपलं जुनं आयुष्य आणि प्रभूने ते कसं बदललं हे सांगायचं. माझी साक्ष लोकांना फार आवडते. पाळकांनी मला गावोगाव नेलं. फक्त ताईपुढे ती द्यायची राहिली होती. तिने एकदा 'माफ केलं' म्हणावं, एवढ्यासाठी दोन दिवस गाडीत कुडकुडलो.

सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर छोले-भटुरे खाल्ले आणि घाईघाईत भलत्याच बसमध्ये चढलो. बरंच पुढे गेल्यावर कंडक्टर ओरडला, "ओ भाईसाब, खरड तो उल्टे पासे है! ये पिंजौर वाली है!" भर रस्त्यात उतरलो. खरं सांगतो, उतरताना बरं वाटलं. तासभर तरी ताईचं तोंड बघणं लांबलं होतं.

खरडला नव्या इमारतींच्या रांगा आहेत, अर्ध्या राहत्या, अर्ध्या रिकाम्या. दार दाजींनी उघडलं. हवाई दलातून निवृत्त होऊन ते इथेच राहिलेत. "या," म्हणाले आणि बाजूला झाले. मागे त्यांची मुलगी श्वेता उभी होती. ती सेक्टर बत्तीसच्या इस्पितळात नर्सिंग शिकते. ताई स्वयंपाकघरात होती. तिने मुळ्याचे पराठे केले, वर लोणी घातलं, ताट वाढलं आणि लेकीला म्हणाली, "मामाला विचार, अजून हवंय का." मी तिच्यापासून दोन हातांवर बसलो होतो.

"मला आणखी नको, ताई," मी म्हणालो. तिने ताट उचललं.

जेवणं झाल्यावर मी धीर करून पिशवीतून बायबलचा नवा करार काढला आणि सुरुवात केली. सवयीने तोंडातून निघालं, "प्रियांनो..." दाजी खाली बघू लागले. मी तसाच पुढे गेलो. दारू, भांडणं, आई. जिथे आमची मंडळी 'आमेन' म्हणते तिथे मी थांबलो. फ्रिज तेवढा घरघरत होता.

श्वेता म्हणाली, "मामा, ये वाला हमने देखा है. आपका वीडियो है ना. मम्मी ने तीन बार देखा."

ताई पदराला हात पुसत आली आणि सहा वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "आई तुझ्या मांडीवर गेली म्हणतोस त्यात. जाताना तुझ्या डोक्यावर हात ठेवला म्हणतोस."

खोटं सांगायचं असं मी ठरवलं नव्हतं हो. पहिल्यांदा नुसतं म्हणालो की आईचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. बायका रडल्या. पुढच्या गावी मांडी आली, मग हात आला. सांगता सांगता मलाच ते आठवायला लागलं होतं.

"आई बाहेर भरकटते म्हणून तू दाराला कुलूप लावून गेलास," ताई म्हणाली. "ती आतून हाका मारत होती. शेजारच्या मावशींनी वरवंट्याने कुलूप तोडलं. तोवर ती थंड पडली होती. देव तू कुठलाही धर, मला त्याचं काही नाही. पण माझ्या आईवर खोटं का बोलतोस रे?"

"चुकलो, ताई. मला माफ कर."

"इथे चार भिंतींत नको. तिथे सांग, जिथे लोक रडतात."

दुसऱ्या दिवशी दाजींनी स्कूटरवर बसवर सोडलं. ताई बाहेर आली नाही. पांढऱ्या गणवेशातल्या श्वेताने डबा दिला. "मम्मी ने कहा, रास्ते का कुछ मत खाना." शहर याही दिवशी दिसलं नाही. दिल्लीपर्यंत पराठे दगडासारखे झाले. मी ते सगळे खाल्ले, आणि खाताना रडलो.

रविवारी मंडळीत उभा राहिलो. आई माझ्या मांडीवर गेली नाही, मी गुत्त्यावर होतो, हात वगैरे सगळं खोटं होतं, असं सांगितलं. व्हिडिओ काढणाऱ्याने फोन खाली घेतला. एकही 'आमेन' आलं नाही. पाळकांनी घाईने गीत सुरू केलं. इतकी वर्षं माझी साक्ष मी वाचलो तिथे संपायची. आई तिच्यात केवळ लोकांना रडवायला होती, हे मला घरी चालत येताना कळलं.

घरी येऊन ताईला फोन लावला. तिने उचलला.

"सांगितलं," मी म्हणालो.

"सगळं?"

"गुत्त्याचं सांगितलं. मांडीचं खोटं होतं, तेही."

"आणि कुलूप?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"पुढच्या रविवारी सांग," ताई म्हणाली. "मग फोन कर. तोवर नको."