रिकाम्या यंत्राचं वजन

आमच्या सदाकाकांनी शेडमध्ये एका माणसापुरतं जायरोप्लेन बांधलं होतं. डोक्यावर फिरतं पातं असलेलं छोटं विमान. मग त्याला गादीची खुर्ची, समोरची काच, मोठी टाकी असं एकेक जोडत गेले. माळावर पळवलं तेव्हा ते नुसतं धावत राहिलं, उठलं नाही.

"मोठं इंजिन बसवा की," मी म्हटलं.

"त्याचंही वजन असतं रे," म्हणत काका पाना घेऊन बसले. स्वतः निगुतीनं जोडलेलं सगळं त्यांनी शांतपणे उतरवलं. मला ते जमलं नसतं.

पुढच्या रविवारी साध्या फळीवर बसून काका माणूसभर उंच उठले, मग झाडाएवढे.

उतरल्यावर मी विचारलं, "फळी टोचली का हो?"

"बसलोय हेच विसरलो होतो," ते म्हणाले.