पुठ्ठ्याची रॅम

पट्टीकाकांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी असते. लग्नात असते, दवाखान्यात असते, आणि एकदा झोपेतही टोचली होती असं काकू सांगतात. काका यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं काढतात, घराच्या मागच्या खोलीत बसून, सव्वीस वर्षं. तरुणपणी एका झाकणाच्या ड्रॉइंगमध्ये त्यांच्या हातून भोक दोन मिलिमीटर सरकलं आणि कारखान्यात आठशे झाकणं भंगारात गेली. तेव्हापासून ते आधी पुठ्ठ्याचा नमुना कापतात, जागेवर बसवून बघतात आणि मगच सही करतात. घाबरायचं ते मोजून, अशी एकूण रीत.

पण त्या सोमवारी कारखान्याच्या मालकीणबाईंचा फोन आला आणि भीती पट्टीत मावेना.

"काका, आता सगळ्या फायली थ्रीडीत येणार. एका पंपाची पाठवलीय, उघडते का बघा. शुक्रवारपर्यंत सांगा, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. राग मानू नका हं."

राग मानायला सवड कुठे होती? फाइल उघडायला घेतली तर कॉम्प्युटर आधी गुरगुरला, मग थिजला. पडद्यावर ते छोटं चक्र फिरत राहिलं.

भाची कॉम्प्युटरच्याच कंपनीत होती. ती फोनवर पाढे म्हटल्यासारखं म्हणाली, "मामा, अख्खा नवा परवडणार नाही ना? मग रिकाम्या खाचेत आणखी एक रॅम घाल, ग्राफिक्स कार्ड टाक, आणि जमलं तर नवी डिस्क. आणि हो, आत हात घालण्याआधी लोखंडाला हात लाव. अंगातली वीज उतरली नाही तर पार्ट जागच्या जागी मरतो."

काकूंनी पाकिटात घालून दिलेल्या पैशांत तीन गोष्टी बसेनात. दोन बसत होत्या, तेही कार्ड वापरलेलं घेतलं तर. काकांनी रात्रभर कूस बदलत डिस्क वगळली. जुन्या डिस्कवरून फाइल रखडत येईल, पण येईल. रॅमवाचून येणारच नाही.

मंगळवारी त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला. दर मिनिटाला खिडकीच्या गजाला हात, मग आत हात, मग पुन्हा गज.

"त्या खिडकीचा हात किती वेळा धरणार?" काकू दारातून म्हणाल्या. "माझा नाही धरलात इतक्यांदा."

काकांनी आणखी एकदा गज धरला. जुनी रॅम काढून तिचा, कडेच्या खाचेसकट, ठसा त्यांनी पुठ्ठ्यावर घेतला, कापला आणि रिकाम्या जागेत दाबून पाहिला. जरा जड गेला, पण बसला. कार्डासाठी आत जागा किती? पंचवीस सेंटिमीटर आठ मिलिमीटर. तेवढंही पुठ्ठ्याचं कार्ड झालं.

बुधवारी दोन्ही पुठ्ठे पिशवीत घालून काका कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. काउंटरवर पाटी होती: सील उघडलं, माल तुमचा. दुकानदाराला दोनच शब्द येत असावेत.

"ही घ्या रॅम. सगळ्या सारख्याच, चालून जाईल."

चालून जाईल, हे त्या आठशे झाकणांच्या वेळीही कोणीतरी म्हणालं होतं. काकांनी पिशवीतून पुठ्ठा काढून रॅमला लावला. "खाच जागेवर नाही."

दुकानदाराने पुठ्ठ्याकडे, मग काकांकडे पाहिलं. "साहेब, पुठ्ठ्याची रॅम? कितीची आहे ही, आठ जीबीची की सोळाची?" पण वाकून पाहिल्यावर आवाज उतरला. "अरे, तुमची आधीच्या पिढीची दिसतेय." त्याने मागून दुसरी आणली. ही तंतोतंत जुळली. "कोपरा कुरतडलाय बघा तुमच्या पुठ्ठ्याचा. उंदीर झालेत का घरात?"

"पिशवीत घासला असेल," काका ओशाळून म्हणाले.

कार्डाचं मात्र अवघड झालं. ताकदीचं आणि स्वस्त होतं ते सत्तावीस सेंटिमीटरचं. "थोडं तिरकं सारायचं, चालून जाईल." काकांनी आखूड घेतलं, कमी ताकदीचं. ते बसणार हे नक्की होतं. पंप उघडणार की नाही, हे कोणत्या पट्टीने मोजायचं?

गुरुवारी सकाळी गजाला सात वेळा हात लावून त्यांनी दोन्ही बसवलं. बटणाशी बोट नेलं आणि ते तिथेच थांबलं.

"व्हा बाजूला," काकू म्हणाल्या आणि मिक्सर लावावा तसं बटण दाबलं.

पडदा काळा. डबा ओरडू लागला. काकांनी भाचीला फोन लावला. पार्ट मारला आपण. पाकीट गेलं, काम गेलं, आणि दुकानदार ती पाटी दाखवणार.

"कसा ओरडतोय?" भाचीने फोनवर विचारलं.

छप्पन्न वर्षांच्या काकांनी फोनमध्ये ओरडून दाखवलं. "टीं... टीं... टीं..."

"मागे येणाऱ्या ट्रकसारखा? मग रॅम बसलेली नाही. काढून पुन्हा दाब."

काढली, पुन्हा दाबली. पुन्हा टीं. आणखी दाबायला हात धजेना. मोडली तर?

तेवढ्यात काकांना तो उंदीर आठवला. त्यांनी पिशवीतून पुठ्ठा काढला. घासलेला कोपरा झिजतो, हा फाटला होता. मग तुकडा गेला कुठे? त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, गज धरला, रॅम काढली आणि खाचेत टॉर्च मारला. तळाशी तांदळाच्या कणीएवढा पुठ्ठा अडकला होता. मोजून पाहण्याच्या सवयीने स्वतःच घातलेला. काकूंच्या चिमट्याने तो निघाला, आणि चिमटाही काकूंनीच धरला.

रॅम पुन्हा दाबली आणि या वेळी पडदा उजळला. पंपाची फाइल रखडत, चार मिनिटं घेत उघडली. काकांनी माऊस हलवला तसा पंप वळला आणि पाठही दिसली. त्यांनी लगेच फोन लावला.

"उघडली."

"वा. मग बाकीच्या चाळीस पाठवते," मालकीणबाई म्हणाल्या. "ही त्यातली सगळ्यात छोटी."

फोन ठेवून काकांनी खिडकीचा गज धरला.

"आता काय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी गज सोडला नाही.