छत्तीस खुंट्यांचं लूम

मी माझ्या आंधळ्या बापाची वस्तू लपवली होती.

आज बाबांना जाऊन एक वर्ष झालं. वर्षभर त्यांच्याबद्दल चांगलं बोलतोय आणि स्वतःबद्दल गप्प आहे. म्हणून आज हे.

बाबा वीज मंडळात लाइनमन होते. पांढुर्णा, सौंसर आणि मधली सगळी खेडी त्यांनी खांबांवरून पाहिलेली. रिटायर झाल्यावर काचबिंदूने दोन्ही डोळे गेले.

तरी घरात ते कुणाचा हात धरत नसत. पावलं मोजून चालायचे. कपात बोट घालून चहा स्वतः ओतून घ्यायचे.

माझी बायको ज्योती सुयांवर विणते. एकदा बाबा तिला म्हणाले, "मलेही शिकव. बसून बसून कंटाळा येते."

सुयांवरून टाके निसटायचे आणि निसटलेला टाका त्यांना सापडायचा नाही. मग तिने ऑनलाइन लूम मागवलं.

लूम म्हणजे प्लास्टिकचं गोल कडं, त्यावर छत्तीस खुंट्या. लोकर खुंट्यांभोवती गुंडाळत जायची, आणि दुसऱ्या फेऱ्याला हुकाने खालचा वेढा उचलून खुंटीवरून मागे टाकायचा. टाके खुंट्यांवर बसून राहतात.

बाबांनी ते हातात फिरवून पाहिलं.

"हे तं आमचंच काम होय. इन्सुलेटरवर तार बांधाची."

आणि बांधलीही तशीच. इतकी ताणून की हुक आत जाईना.

"बाबा, ढिली ठेवा ना," ज्योती म्हणाली.

"ढिली तार ठेवली तं लाइन मारते."

"लोकर आहे बाबा. हिच्यात करंट नाही."

ती पहिली टोपी घरात कुणाच्याच डोक्यात शिरली नाही. ज्योतीने ती तांब्यावर घालून ठेवली.

सुरुवातीची खुंटी ओळखू यावी म्हणून लाल असते. बाबांना लाल रंगाचा काय उपयोग? त्यांनी तिच्यावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. बोट टेपला लागलं की एक फेरा पूर्ण.

त्या थंडीत त्यांनी टोप्या केल्या, मफलर केले. काम थांबलं की लूम दिवाणाच्या डावीकडच्या कोनाड्यात. कधी इंचभर इकडेतिकडे नाही.

मग तो शनिवार.

बाबांचे तीन जुने सोबती जामसांवलीला हनुमानाचं दर्शन करून आमच्याकडे येणार होते. त्यांतले रामाकोना गावचे देवरावकाका सगळ्यांत मोठ्या आवाजाचे.

मी सकाळीच लूम उचललं आणि लोखंडी कपाटावर, मागे सरकवून ठेवलं.

त्यांनी बाबांची थट्टा करू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

खरं म्हणजे मला लाज वाटत होती. तुझा बाप बायकांचं काम करतो, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

चहा झाला. देवरावकाकांनी विचारलं, "काय करत राहतं बे दिवसभर?"

"तुह्यासाठी टोपी करून राहिलो. एवढं मोठं डोस्कं, लोकर पुरून नाही राहिली. थांब, दाखवतो."

हात डावीकडे गेला. कोनाडाभर फिरला. मग उशीखाली. मग दिवाणाखाली.

"इथीच होतं. इथीच ठेवतो मी."

तिघं एकमेकांकडे पाहायला लागले. देवरावकाका हळू आवाजात म्हणाले, "राहू दे गा. वय झालं आपलं."

मी तिथेच उभा होतो.

म्हणालो, "बाबा, तुम्हीच दुसरीकडे ठेवलं असेल."

पाहुणे गेल्यावर मी लूम गुपचूप कोनाड्यात परत ठेवलं. वाटलं, मिटलं. संध्याकाळी ते बाबांच्या हाताला लागलं. त्यांनी टेपवरून एकदा बोट फिरवलं आणि ते परत ठेवून दिलं.

त्या दिवशी डायरीत मी लिहिलंय, 'काका लोक येऊन गेले. बाबा थकलेले.' डायरी मी खरं लिहायला ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी हाक मारली, "ज्योती, मले संडासापर्यंत नेऊन दे."

चहाही तिलाच ओतायला सांगितला. लुमाला हात लावला नाही. तो दिवस तसाच गेला. त्याच्या पुढचाही.

मी ज्योतीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला नका सांगू. त्यांना सांगा."

सांगितलं. ते रागावतील अशी माझी तयारी होती.

"म्हणजे ते तिथं नोतंच?"

"नव्हतं."

"म्हणजे मी विसरलो नाही? हात चुकला नाही?"

"नाही बाबा. मी उचललं होतं."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि हसायला लागले.

"मले वाटलं, डोये तं गेलेच, आता हातही चालले."

बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "तुले लाज वाटली तं लपवजो, बेटा. पण मले सांगून लपवजो."

आणि उठून, भिंतीला हात न लावता, चहा घ्यायला गेले.

तिथूनच देवरावकाकांना फोन लावायला लावला. "देवराव, मी विसरलो नोतो गा. या पोट्ट्यानं लपवलं होतं."

काका मला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. टोपी मात्र त्यांनी आठवणीने मागून नेली.

पुढे बाबांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. सिलिंडरवाल्याला, संत्री विकायला येणाऱ्या बाईला, माझ्या कॉलेजातल्या सहकाऱ्यांना. माझ्यासमोर. मी मान खाली घालून बसायचो.

सुरुवातीला मला ती शिक्षा वाटायची. ती नव्हती. प्रत्येक वेळी ते हसत सांगायचे, आणि शेवटी माझ्या पाठीवर हात ठेवायचे. तो हात बरोबर जागेवर पडायचा.

माफी मी कधी नीट मागितली नाही. त्यांनी मागायला लावलीही नाही. याबद्दल मी किती कृतज्ञ आहे, ते त्यांना सांगायचं राहिलं.

आता ती गोष्ट सांगायला ते नाहीत. म्हणून यापुढे मी सांगणार, पहिल्या वाक्यासकट.

बाबा, तुम्ही काहीच विसरला नव्हता.

तुम्हाला मनापासून नमस्कार.