पोट्टी आणि ‘च’

वडनेरला आमच्या गल्लीत लहानपणी मला कोणी धड नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. शेंबडी, नकटी, बयाडी, आणि आईचा पारा चढला की, “मुडदा बशिवला तुहा!” एवढं ऐकूनही मी काही वाळले नाही, चांगली धडधाकट आजी झाले. ‘पोट्टी’ ही तर शिवीसुद्धा नाही. आमच्याकडे मुलगा म्हणजे पोट्टा आणि मुलगी म्हणजे पोट्टी. पुण्याच्या कानांना ते झोंबतं, तर झोंबो.

माझी लेक दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. दवाखान्यात सिस्टरनं बाळ हातात दिलं, तशी मी हरखून ओरडलेच, “पोट्टी झाली वं!”

दुसऱ्या दिवशी पुण्याहून विहीणबाई आल्या. मी नातीला घेऊन बसले होते. “काय पाहून राह्यली वं नकटे?” एवढंच म्हणाले, तर त्यांनी मऊ आवाजात मला समजावलं, “बाळाशी असं बोलू नये हो. आमच्याकडे याला शिव्या म्हणतात.” मी गिळलं. लेकीची सासू, आणि त्यांच्यासमोर लेक स्वतःही माझ्याशी पुस्तकी मराठीतच बोलायची.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. “हो, दोघी सुखरूप. नाही हो, या वेळीही मुलगीच.”

किती शुद्ध बोलल्या! खाटेवरच्या माझ्या लेकीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. ते पाहिलं आणि माझं डोकं सणकलं.

“विहीणबाई, पोट्टी शिवी नोहे. तुमी आत्ता ‘मुलगीच’ म्हनलं ना, त्यातला ‘च’ शिवी हाय. माह्या नातीसमोर तो पुन्हा काढू नका.”

“अहो, मी काय वाईट बोलले?”

त्यांना खरंच कळलं नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला. आमच्या बोलीतही तो ‘च’ लागतो, हे मी नाकारत नाही. माझ्या जन्माला ‘पोट्टीच’ झाली म्हणणारे घरचेच होते. म्हणून तर तो मला लगेच ऐकू येतो.

बाळानं भोकाड पसरलं. लेकीनं भिंतीकडचं तोंड वळवलं, हात पुढे केले आणि सासूच्या देखत ती म्हणाली, “आण वं आई इकडे. भूक लागली माह्या पोट्टीले.”