कोऱ्या कडेची मावशी

या आठवड्यातली एक तरी दुपार तुम्ही कोणालाच न देता स्वतःकडे ठेवली आहे का? ऑफिसला नाही, घरच्यांना नाही, मोबाईललाही नाही? खरं सांगा. प्रेसवाल्या मावशीला थापा लगेच कळायच्या. नागपूरच्या इतवारीत भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत तिचा दोन खोल्यांचा छापखाना होता. पायरी चढून येणाऱ्या गिऱ्हाईकाला ती 'काय छापायचं?' हे विचारण्याआधी हा प्रश्न विचारायची. लग्नपत्रिका घेऊन आलेला वधूपिता गडबडून जायचा. मावशी मोठ्याने हसायची. "नाई ना? मंग बसा. चहा होऊन राहिला. निदान तेवढा वेळ तरी तुमचा."

ती माझी सख्खी मावशी नव्हे, आईची मैत्रीण. ठेंगणी, जाड चष्म्याची, साडीवर शाईचे डाग पडलेला पुरुषी शर्ट घालणारी. आयुष्यभर मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलल्यामुळे ती कुजबुजली तरी समोरच्या दुकानात ऐकू जायचं. जरीपटक्याहून स्कूटीवर यायची आणि हातगाड्यांच्या गर्दीत हॉर्नऐवजी तोंडच वापरायची.

आमच्या घरात देवघर नव्हतं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्या कोपऱ्यात एक कपाट होतं, आणि ते पत्रकांनी भरलेलं असायचं. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. बालवाडीत बाईंनी नाव विचारलं, तेव्हा मी म्हणे सुरुवात 'बंधू आणि भगिनींनो' अशी केली होती. बाबा पोस्टात नोकरी करायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. खरं तर उरलेला वेळ त्यांच्याकडे कधी नव्हताच. ते झोपेतला वेळ घ्यायचे, जेवणातला घ्यायचे, आईच्या वाटचा घ्यायचे. आम्हाला त्याचा अभिमान होता.

मावशीची नि बाबांची भांडणं व्हायची ती कागदाच्या कडेवरून. बाबांना पत्रकाचा कोपरान् कोपरा मजकुराने भरलेला लागायचा. "कोरी जागा म्हणजे जनतेच्या पैशाची नासाडी," हे त्यांचं म्हणणं. एकदा वस्तीतली शाळा बंद होऊ नये म्हणून सभा होती. सभेची जागा आणि वेळ बाबांनी ठळक अक्षरांत, कागदाच्या अगदी वरच्या टोकाला टाकली. मावशी म्हणाली, "भाऊ, वरती बोटभर जागा सोडा. मशीन कागदाले तिथंच पकडते." बाबा म्हणाले, एक अक्षरही खाली सरकणार नाही. मावशीने वाद घातला नाही. मशीन चालू करून एक कागद काढला आणि बाबांच्या हातात दिला. शोषण, संघर्ष, एकजूट, सगळं झकास छापलं होतं. फक्त सभेची जागा आणि वेळ गायब होती.

"लोक येतीन भाऊ," मावशी गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "कुठं याचं तेवढं मात्र त्यायले समजनार नाई."

बाबासुद्धा हसले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या पत्रकातला एक परिच्छेद कापला गेला. पत्रक सुधारलं, हे त्यांनी कधी कबूल केलं नाही.

त्यानंतर मावशी सगळ्या गोष्टींचा हिशेब याच कडेने करायला लागली, की आधीपासूनच करत होती आणि माझं लक्ष तेव्हा गेलं, कोण जाणे. "मशीन छापलेल्या जागेले नाई पकडत वं. कोऱ्या कडेले पकडते. मानसाचंबी तसंच हाय." दुपारी जेवण झालं की ती शटर अर्धं ओढून कागदाच्या गठ्ठ्यांवर आडवी व्हायची. बाहेरून कोणी हाका मारल्या तर आतून स्वतःच ओरडायची, "मावशी झोपून राहिली हाय!" गुरुवारची दुपार तिने कोणालाही दिली नाही. त्या दिवशी फुटाळा तलावाच्या पाळीवर बसून शेंगा खायची. प्रत्येक कामाच्या पैशातला थोडा भाग बँकेच्या वेगळ्या खात्यात जायचा. त्या खात्याला ती 'नाई म्हनाचं खातं' म्हणायची. मला वाटायचं, खर्चाला नाही म्हणायचं म्हणून हे नाव.

कॉलेजात गेल्यावर मला हे सगळं फारच सुखवस्तू वाटायला लागलं. मी तिला सुनावलं, "मावशी, लोक रस्त्यावर आहेत आणि तू शक्ती जपून ठेवतेस? स्वतःला झोकून द्यायला हवं."

"दे ना झोकून. पण मंग परत उचलाले कोन येईन, ते आधी ठरवून ठेव."

"आणि ज्यांच्या हातात रात्रीपर्यंत काहीच उरत नाही, त्यांनी काय शिल्लक ठेवायची?"

यावर मात्र ती हसली नाही. "रोजमजुराले 'बचत कर' म्हननाऱ्याच्या तोंडाले मी शाई फासीन. त्याची कड त्यानं नाई सोडाची. काम देनाऱ्यानं सोडाची." तिचा मशीनमन शंकरभाऊ याला आठवड्याची सुट्टी भरपगारी होती आणि आजारपणाची रजाही. त्या गल्लीत हे कोणाला खरं वाटायचं नाही.

मग निवडणुकीचे दिवस आले. मी तेव्हा मावशीकडे पानं लावायला, म्हणजे छपाईसाठी मजकूर पानावर मांडायला, शिकत होते. सफारी घातलेला एक माणूस आला. "मावशीजी, पूरे सीझन का काम तुमच्याकडेच. आगाऊ पैसे घ्या." त्याने मजकूर पुढे केला. आमच्याच भागातल्या एका वस्तीबद्दल होता. ही माणसं बाहेरची आहेत, त्यांचं पाणी तोडा, त्यांना हटवा. शब्दन् शब्द खोटा. त्या वस्तीतल्या पोरींबरोबर मी शाळेत बसले होते.

मावशीने कागद शांतपणे वाचून परत केला. "नाई."

"रेट कमी वाटून राहिला का?"

"रेट बढिया हाय. मजकूर खोटा हाय."

"सोच लो. इथल्या अर्ध्या दुकानांचं काम आमच्या शब्दावर चालते. उद्यापासून एक पावतीपुस्तकही येनार नाई."

मी तोंड उघडलं. पत्रकांवर वाढलेल्या पोरीचं तोंड शीर्षकासकट उघडतं. मावशीने मला हातानेच थांबवलं. "तू थांब वं. भाषनाची गरज नाई. मी दिवाळीपर्यंत बसून खाऊ शकते." मग मशीनकडे वळली. "शंकर, पगाराची काळजी हाय का गा तुले?"

शंकरभाऊंनी हात पुसत म्हटलं, "तुम्हाले नाई, तर मले काहून राहीन?"

तो माणूस निघून गेला. त्या खात्याचं नाव मला तेव्हा उमगलं.

तो मजकूर शेवटी छापला गेलाच. पलीकडच्या गल्लीतल्या प्रेसवाल्या काकांनी छापला. हे काका बाबांसोबत मोर्चात चालत, घोषणा द्यायला सगळ्यांच्या पुढे असत. मी त्यांना गद्दार म्हणाले, तर मावशी माझ्यावरच उखडली. "त्याले शिव्या नोको देऊ. नव्या मशीनचा हप्ता हाय त्याच्या डोक्यावर. काम सोडलं असतं तर मशीन उचलून नेली असती. त्याची कड उरलीच नाई, तो कुठं थांबीन?"

मी बरीच पत्रकं वाचली आहेत, काही लिहिलीही आहेत. पण हे कोणत्याच पत्रकात नव्हतं. आपल्याला वाकवू पाहणाऱ्यांना आपली मतं बदलण्याची गरजच पडत नाही. आपला महिना, आपली झोप, आपली दुपार त्यांनी संपवली की झालं. काकांची तत्त्वं मावशीइतकीच खरी होती. त्यांना ती परवडली नाहीत, एवढंच. म्हणून शिल्लक ही सुखवस्तूंची हौस नाही. ती आपल्या गडाची शिबंदी आहे, आणि ज्यांच्यापर्यंत ती पोचू दिली जात नाही त्यांच्यासाठी मागायचा हक्क आहे.

त्या माणसाने शब्द पाळला. पावतीपुस्तकं आली नाहीत. मावशीने मशीन पूर्ण खोलून साफ केली, भिंतींना पोपटी रंग दिला (फार वाईट दिसायचा) आणि मला पानं लावण्यातलं सगळं शिकवून टाकलं. शंकरभाऊंचा पगार एकदाही चुकला नाही. दिवाळीच्या आसपास लग्नपत्रिका आल्या, मग शाळांच्या स्मरणिका, आणि एक दिवस ते प्रेसवाले काका आले. त्यांच्याकडे जास्तीचं काम होतं, ते मावशीला द्यायचं होतं. मावशीने त्यांनाही तोच प्रश्न विचारला आणि चहा पाजला.

गेल्या वर्षी तिने छापखाना शंकरभाऊंच्या हाती सोपवला. तब्येत ठणठणीत असताना. सगळे म्हणाले, एवढी घाई काहून? "दमून बंद केला, तर त्याले आराम नाई म्हनत, आजारपन म्हनतात." आता ती मुलीकडे पुण्याला असते आणि या वयात पोहायला शिकते आहे. फोनवर अजूनही मशीन चालू असल्यासारखी ओरडते.

ती पुण्याला जायच्या आदल्या दिवशी मी छापखान्याची पायरी चढले. तिने मान वर न करता विचारलं, "हाय का एखादी दुपार?"

"आहे," मी म्हणाले.

तिने चष्म्यावरून निरखून पाहिलं. थाप नव्हती. "मंग चाल, शेंगा खाऊ."

तेव्हा तुमच्याकडे एकच मागणं आहे. येत्या आठवड्यातली एक दुपार कोरी ठेवा. तुमच्या हाताखाली कोणी राबत असेल, तर त्याची दुपार आधी सोडा, पगार न कापता. कोणी विचारलं, 'त्या दिवशी काय आहे?' तर खुशाल सांगा, 'काहीच नाही.' आणि जमलं तर शेंगा विकत घ्या. हा सराव आहे. एक दिवस सफारी घातलेला कोणीतरी तुमचीही पायरी चढेल.